पेटीवरचा लॉट नंबर वाचा

"तुझा श्वासच चुकतो," हे माझ्या काडतूस विक्रेत्यानं इतक्यांदा ऐकवलं की एकोडीला घरी आईसुद्धा प्राणायाम कर म्हणू लागली.

50 मीटरवर माझ्या पॉइंट टू टू रायफलीच्या गोळ्या डावी-उजवीकडे जात नव्हत्या, वर-खाली उभी रांग पडायची. श्वासानंही तसं होतं, म्हणून त्याचं म्हणणं खपून गेलं. शेवटी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारली. तीच रांग! पिशवी कुठे श्वास घेते?

मग मित्राचा क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लावला. एक गोळी सेकंदाला 318 मीटर, पुढची 329. पेट्या उलटून पाहिल्या तर एकाच खोक्यात दोन लॉट. दोन्हींचा भाव मात्र मॅच काडतुसाचा.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले मामा हसले. बारूद लॉटप्रमाणे तपासतात ते उगाच नाही, म्हणाले. पिन काडतुसाची कड चेपते, कडेतला मसाला पेटतो, त्यानं बारूद पेटतं. मसाला किंवा बारूद किंचित कमीजास्त झालं की दाब बदलतो, आणि वेगही. वेगात 10 मीटरचा फरक म्हणजे 50 मीटरवर हिशेबानं जवळजवळ 8 मिलिमीटर, अख्खी एक रिंग. स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 451.4 गुणांवर कांस्य जिंकलं, त्या फायनलमध्ये 0.8 मिलिमीटरला 0.1 गुण जातो. आणि मी प्राणायाम करत बसलो होतो.

तर, तीन-चार लॉटच्या एकेक पेट्या घ्या, आपल्याच रायफलीतून मारून बघा, जमेल त्या लॉटचा हंगामभराचा साठा एकदम घ्या. जास्त वेगाच्या मागे लागू नका. मॅच काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात. सरासरीपेक्षा दोन गोळ्यांमधला फरक बघा. लॉट किंवा कंपनी बदलली की नळीत नवं मेण बसेपर्यंतच्या गोळ्या गुणांत धरू नका. मे महिन्यात साकोलीच्या उन्हात गाडीत पेट्या ठेवू नका, तापलेलं बारूद वेगळ्या दाबानं जळतं. बाकी सराव, झोप वगैरे सगळे सांगतातच.

आणि बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. "असं कोणी लिहीत नाही" म्हणाला तर दुसरं दुकान बघा. माझ्या बिलावर नुसतं 'काडतुसे' आहे. परत करायला गेलो, तर "परवान्यावर नोंद झाली, आता माल तुमचा" म्हणत तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.