धनगर स्त्रीचे श्रम आणि हिशेबाची वही

'व्यवसाय' म्हटला की आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे दुकान, गिरणी नाहीतर बँक उभी राहते. परंतु निपाणी-चिकोडीच्या रस्त्यांवरून जाणारा धनगरांचा वाडा हाही एक चालता-फिरता व्यवसायच आहे. त्यातील स्त्रीच्या कामाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मराठीत धनगर, कन्नडमध्ये कुरुब. मराठीतला बिरोबा तोच कन्नडमधला बीरप्पा. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत दोन्ही भाषांचे भक्त एकाच भंडाऱ्यात न्हाऊन निघतात.

वाडा हलतो तेव्हा पुरुष मेंढरे चारीत पुढे जातात. स्त्रिया घोड्यांवर बिऱ्हाड लादून, मुले व कोवळी कोकरे सांभाळीत मुक्काम गाठतात. पाणी, सरपण, चूल, भाकरी ही कामे त्यांचीच. रात्री मेंढरे ज्या शेतात बसवितात तेथे लेंडीखत मिळते व शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा रोख रक्कम देतो. हे उत्पन्न मेंढरांचे मानतात. पण बिऱ्हाडच पोहोचले नाही तर कळप तेथे मुक्काम कसा करणार?

लोकरीचेही तसेच. दख्खनी मेंढीची लोकर साधारणपणे वर्षातून दोनदा कातरतात. ती निवडणे, पिंजणे, चरख्यावर कातणे ही परंपरेने स्त्रियांची कामे. पुढे चिंचोक्यांची खळ देऊन मागावर घोंगडे, म्हणजे कन्नडमधील कंबळी, विणले जाते. भाव ठरतो घोंगड्याचा. कताईची मजुरी सहसा कोणी वेगळी मांडत नाही.

येथे अमेरिकेतील एक उदाहरण उपयोगी पडेल. १८४७ मध्ये मॉर्मन पंथाची कुटुंबे सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वस्तीस आली. त्यांच्या स्त्रियाही गाई दोहत, लोणी काढीत, लोकर कातीत. त्यांतील अनेकींनी रोजनिशा लिहिल्या, म्हणून त्यांचे कष्ट इतिहासाला ठाऊक झाले. आपल्याकडील धनगर स्त्रीच्या हाती लेखणी नव्हती.

सरकारी हिशेबातही घरच्या वापरासाठी कातलेले सूत राष्ट्रीय उत्पन्नात तत्त्वतः धरतात. स्वयंपाक व मुलांचे संगोपन धरीत नाहीत. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले.

आज जाड काळ्या लोकरीला भाव उरलेला नाही. कातरणावळही सुटत नाही म्हणून ती पुष्कळदा टाकून दिली जाते. चरखा थांबला आणि स्त्रीच्या हातचे एक कसब गेले. पाण्याची घागर मात्र डोक्यावर तशीच राहिली. चराऊ रान आटत चालल्याने मुक्काम शोधणेही कठीण झाले आहे. अशा वेळी 'या धंद्यात राहिले काय?' असा प्रश्न विचारला जातो. परंतु खर्चाची एक बाजू कोरी ठेवून त्याचे उत्तर कसे द्यावे?

कॉस्टिंगमध्ये मालकाच्या स्वतःच्या जागेचेही कल्पित भाडे धरता येते, हे आपण शिकतो. मग या स्त्रीची कल्पित मजुरी का धरू नये? आपल्यापैकी अनेकांना दोन्ही भाषा येतात. एखाद्या वाड्याचा वर्षभराचा हिशेब आपण मांडून पाहावा, आणि त्यातील पहिली नोंद तिच्या श्रमाची असावी.