‘सेक्युलर’ ह्या शब्दाचे निरनिराळे अर्थ

अकोल्याकडील एका खेड्यात सभा आटोपल्यावर एका वृद्ध बंधूंनी आम्हांस प्रश्न केला. त्यांची नात शाळेत संविधानाची उद्देशिका म्हणते. तीत आपले राज्य ‘धर्मनिरपेक्ष’ आहे असे येते. गावात कोणी त्यांस सांगितले की, ह्याचा अर्थ ‘निधर्मी’. “मग देवाला न मानणाऱ्या राज्याची शपथ आमच्या लेकरांनी का म्हणावी?” असे त्यांचे म्हणणे. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि आमच्या धर्मशिक्षक बंधूंस तो इतर गावीही विचारला जाईल. म्हणून त्याचा विचार येथे करितो.

मूळ शब्द लॅटिन आहे. ‘सेकुलुम’ म्हणजे पिढी, युग, चालू काळ. रोमकरांस पत्र, अध्याय 12, वचन 2 ह्यात आपल्या मराठी शास्त्रात ‘युग’ हा शब्द आहे, तेथे लॅटिन भाषांतरात हाच शब्द आढळतो. म्हणजे ज्यास आपण परका समजतो तो शब्द आपल्या ओळखीचाच निघाला! पुढे रोमन मंडळीत मठात राहणाऱ्या व्रतस्थांस एक नाव, आणि गावोगाव लोकांमध्ये राहून सेवा करणाऱ्या पाळकांस ‘सेक्युलर’ हे नाव पडले. असा पाळक नित्य प्रार्थना करी, बाप्तिस्मा देई, प्रेतक्रिया चालवी. त्यास निधर्मी कोण म्हणेल?

दुसरा अर्थ बराच अलीकडचा. इंग्लंडात जॉर्ज जेकब होलिओक ह्याने 1851 साली ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द काढिला. हा गृहस्थ ईश्वरास मानीत नसे, व 1842 साली ईश्वरनिंदेच्या आरोपावरून त्यास तुरुंगवासही घडला होता. ह्या जगातील सुख मानवी साधनांनी वाढवावे, असे त्याचे मत. मराठीत ह्यास ‘इहवाद’ म्हणतात, आणि ‘निधर्मी’ ह्या शब्दाचा वास येतो तो ह्याच बाजूने.

राज्याविषयी बोलताना मात्र अर्थ तिसराच आहे. संविधानसभेत, जीत आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख सभासद होते, 15 नोव्हेंबर 1948 रोजी प्रा. के. टी. शहा ह्यांनी हा शब्द पहिल्याच कलमात घालावा अशी सूचना केली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही व ती नामंजूर झाली. उद्देशिकेत तो आला 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ असे म्हटले, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. आम्हांस हिंदी शब्द अधिक नेमका वाटतो, कारण शेजारधर्म किंवा अतिथिधर्म पाळणे कोणत्याही राज्यास वर्ज्य नाही. परंतु मराठी शब्दही वाईट नव्हे. जो निरपेक्ष साहाय्य करितो तो मोबदल्याची अपेक्षा ठेवीत नाही. तसे हे राज्य नागरिकापासून अमुक एका धर्माची अपेक्षा ठेवीत नाही. अपेक्षा न ठेवणे आणि वैर करणे ह्यांत फार अंतर आहे.

उद्देशिकेत नसतानाही हा शब्द पंचविसाव्या कलमात 1950 पासून होताच. त्या कलमाने आपणांस धर्म मानण्याची, आचरण्याची व प्रसार करण्याची मोकळीक दिली. तथापि धर्माशी निगडित अशा पैशाच्या व इतर ऐहिक व्यवहारांवर राज्य नियम घालू शकते, असेही म्हटले. तेथेच हिंदूंची सार्वजनिक मंदिरे सर्व हिंदूंस खुली करण्याचा अधिकार आहे. अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी 1927 साली अस्पृश्य बंधूंस सत्याग्रह मांडावा लागला, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या वाक्याचे मोल सांगावयास नको.

आता आपल्या घरातील गोष्ट. सार्वजनिक न्यासांच्या कायद्याप्रमाणे मंदिराच्या न्यासास जसा, तसा मंडळीच्या न्यासासही धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब दाखवावा लागतो. एका ठिकाणी वडीलजन म्हणाले, “दानपेटी देवाची, तिचा जाब सरकारास कशाला?” बंधूंनो, उपदेश काय करावा, प्रभुभोजन कोणास द्यावे हे आयुक्त विचारीत नाहीत. ते विचारतात की शेताचा मक्ता कोणी घेतला आणि पैसे कोठे गेले. हा प्रश्न ऐहिक आहे, आणि विधवेची दमडी ज्या पेटीत पडते तिच्याविषयी तो विचारला जावा, हे आम्हांस बरेच वाटते.

वृद्ध बंधूंस आम्ही हे सर्व सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “मग जातीच्या दाखल्याला धर्म का पुसतात?” येथे आम्हांस सरळ उत्तर देता आले नाही. अनुसूचित जातींविषयीचा 1950 चा आदेश धर्म पाहतो. त्यात 1956 साली सर्व शिखांचा व 1990 साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. मेळघाटातील कोरकू बंधू ख्रिस्ती झाला तर त्याची गोष्ट निराळी, कारण अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट मुळीच नाही.