परभाषेची गोडी कशी लागते?

"परकी भाषा शिकून आम्हांस काय करावयाचें आहे?" असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत येतो, आणि "परीक्षेंत गुण मिळतील" एवढेंच उत्तर बहुधा त्यांस मिळतें. हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. परीक्षा संपली कीं त्याचा जोरही संपतो. ज्यास त्या भाषेंत कोणाशीं तरी बोलावयाचें आहे, किंवा तींतील कांहीं वाचावयाचें आहे, त्याच्याच अंगीं ती मुरते. याचीं दोन उदाहरणें आपल्या मराठीच्याच इतिहासांत आहेत.

थॉमस स्टीफन्स नांवाचे इंग्रज पाद्री १५७९ सालीं गोव्यास आले, तेव्हां त्यांचें वय सुमारें तीस वर्षांचें होतें. येथील भाषेचें छापील व्याकरण त्या काळीं मुळींच नव्हतें. पण ज्या लोकांत राहावयाचें, त्यांच्याशीं त्यांच्याच वाणींत बोलावें, हा त्यांचा निश्चय होता. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत, या देशांतील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांसारखी आहे, असें त्यांनीं कळविलें. अनोळखी भाषेंत ओळखीचें कांहीं सांपडलें म्हणजे तिचें भय निम्में होतें, तें असें. १६१६ सालीं त्यांचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. त्यांत सुमारें अकरा हजार मराठी ओव्या आहेत! गोव्यांत येऊन तेव्हां त्यांस सदतीस वर्षें झालीं होतीं. त्यांनीं रचिलेलें कोंकणीचें व्याकरण तर त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं प्रसिद्ध झालें.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. संस्कृतांत त्या निष्णात होत्याच. पण बायबलाचें भाषांतर मूळ ग्रंथांवरून, सामान्य स्त्रियांसही समजेल अशा सोप्या मराठींत करावें, अशी इच्छा झाल्यावर त्यांनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. १९२२ सालीं त्यांचें देहावसान झालें, त्याच्या थोडेंच आधीं तें काम पुरें झालें होतें. त्यांची परीक्षा घेणारा कोणी नव्हता. हेतु मात्र स्पष्ट होता.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हींही असा एखादा लहानसा हेतु धरावा. एखादी गोष्ट मुळांतून वाचावयाची आहे, दूरदेशींच्या मुलास पत्र लिहावयाचें आहे, एवढाही पुरे. मग रोज पांच नवे शब्द वहींत उतरावे, ते मोठ्यानें उच्चारावे आणि त्यांचीं स्वतःचीं वाक्यें करावीं. आठवड्यांतून एकदां तीन तास बसण्यापेक्षां रोजची पाव घटका अधिक फळते. वाक्य चुकेल या भीतीनें तोंड मिटून बसूं नये. पोहावयास शिकणारा पाण्यांत उतरलाच पाहिजे.

पालकांसही एक विनंति आहे. आपणांस ती भाषा येत नसली तरी मुलास पुष्कळ साह्य करतां येतें. "आज काय नवें शिकलास, तें मला मराठींत समजावून सांग," असें रोज विचारावें. जें दुसऱ्यास सांगतां येतें, तेंच आपणांस खरें समजलेलें असतें. मात्र मुलाच्या उच्चारास घरांत कोणी हंसूं नये. एकदां हंसें झालें कीं जीभ आंखडते, आणि आंखडलेली जीभ पुन्हां मोकळी करण्यास शिक्षकांस वर्ष वर्ष खर्चावें लागतें.