डबा तोच, आतला पदार्थ बदललेला

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला जाऊन तीन-चार महिने राहून येणारे आई-वडील आता आपल्या जिल्ह्यातही बरेच आहेत. गोळ्या बरोबर नेतात, पथ्यही सांभाळतात. तिकडच्या सुपरमार्केटमधला एखादा डबा एकदा वाचून "हा मला चालतो" असे ठरले की पुढे डोळे मिटून तोच आणला जातो. अडचण इथेच येते.

टेस्को, सेन्सबरीज यांसारखी दुकाने राजमा, छोले, सूप, बेक्ड बीन्स असे डबे स्वतःच्या नावाने विकतात. दुकान सहसा हे पदार्थ स्वतः बनवत नाही, कारखान्याकडून करून घेते. कारखाना बदलला, कच्चा माल महागला की कृती बदलू शकते. डब्यावरचे नाव आणि चित्र मात्र तेच राहू शकते.

बदल नेहमी वाईटच असतो असे नाही. ब्रिटनमध्ये २००६ पासून पदार्थांतील मिठाची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली व कंपन्यांनी मीठ हळूहळू कमी केले. प्रौढांच्या पोटात जाणारे रोजचे मीठ २०००-०१ मध्ये सरासरी ९.५ ग्रॅम होते, ते २०११ मध्ये ८.१ ग्रॅमवर आले. जिभेला फारसे कळलेही नाही!

पण चांगला बदलही रुग्णाला अडचणीत आणू शकतो. उदाहरण डब्याचे नाही, बाटलीचे आहे. तेथील अनेक मधुमेही रक्तातील साखर एकदम उतरली की ल्युकोझेड हे गोड पेय घेत. १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १७ ग्रॅम साखर मिळे. २०१७ साली कृती बदलली आणि ती जवळजवळ निम्मी झाली. काही काळ जुन्या-नव्या बाटल्या दुकानात एकत्रच होत्या. घाम फुटलेला, हात थरथरणारा रुग्ण सवयीने तेवढेच घोट घेणार आणि साखर पुरेशी चढणार नाही. औषधाची मात्रा न सांगता निम्मी करण्यासारखेच हे झाले.

कधीकधी तर छापील यादीही मागे पडते. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफुलाचे तेल मिळेनासे झाले. तेव्हा काही ब्रिटिश उत्पादकांनी त्याऐवजी मोहरीच्या कुळातले रेपसीडचे शुद्ध केलेले तेल वापरले. वेष्टने बदलायला वेळ नव्हता. ॲलर्जीचा धोका अत्यल्प असल्याचे तेथील अन्न विभागाने जाहीर केले.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी व रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी विशेष जपावे. 'मीठ कमी' असे ठळक छापलेले असले, तरी खारटपणासाठी काही पदार्थांत पोटॅशियम क्लोराइड घालतात. निरोगी माणसाला ते चालते. या रुग्णांच्या रक्तात मात्र पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून पुढची जाहिरात सोडून मागची घटकांची यादी वाचा, आणि दर खेपेस वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर यादीत वर सरकली असेल तर ते लगेच दिसते. अक्षरे बारीक असतात, चष्मा बरोबर ठेवावा.

मिठाचा आकडा १०० ग्रॅमला दिलेला असतो. तेथे तो ०.६ ग्रॅम असेल तर ४०० ग्रॅमचा अर्धा डबा खाल्ल्यावर १.२ ग्रॅम मीठ पोटात जाते. दिवसभराचे सारे मिळून ५ ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या पाकिटांवर मिठाऐवजी सोडियम मिलिग्रॅममध्ये छापतात. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे १ ग्रॅम मीठ.

राजमा-छोले खारट पाण्यातले असतील तर ते पाणी ओतून टाकून दाणे नळाखाली चांगले धुवावेत. बरेचसे मीठ निघून जाते. बेक्ड बीन्सना हा उपाय नाही, कारण तेथे मीठ आणि साखर दोन्ही टोमॅटोच्या रसातच असतात.