ठाणे-कल्याण पट्ट्यातला उंच गुलाब : ऑक्टोबर छाटणी बेतानेच करा

हस्ताच्या सरी ओसरून चित्राचे ऊन तापू लागले, की आपल्या भागातले गुलाब केविलवाणे दिसतात. खालची पाने काळ्या ठिपक्यांनी गळून गेलेली, काठ्या माणसाच्या डोक्यावर गेलेल्या आणि टोकाला दोन-चार फिकी फुले. अशा वेळी कात्री घेऊन झुडूप गुडघ्यापर्यंत उतरवावे, असा मोह होतो. थंड मुलखातली बागकामाची पुस्तकेही तेच सांगतात. ठाणे, डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, बदलापूर या पट्ट्यात मात्र तसे करू नये. उंच वाढणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा बहरणाऱ्या जातीची उंची राखूनच छाटणी करावी, हा या हंगामाचा मुख्य सल्ला आहे.

जात ओळखून काम करा

उंच आणि सतत फुलणाऱ्या गुलाबांत ‘क्वीन एलिझाबेथ’ ही सर्वांत प्रसिद्ध जात. वॉल्टर लॅमर्ट्स या अमेरिकी पैदासकाराने ‘शार्लट आर्मस्ट्राँग’ आणि ‘फ्लोराडोरा’ यांच्या संकरातून ती तयार केली आणि १९५४ मध्ये ती बाजारात आली. मोठ्या फुलांचा हायब्रीड टी आणि झुपक्यांनी फुलणारा फ्लोरिबंडा, या दोहोंचे गुण तिच्यात असल्याने तिच्यासाठी ‘ग्रँडिफ्लोरा’ हा नवा वर्गच अमेरिकेत मानला गेला. जागतिक गुलाब महासंघाने १९७९ मध्ये तिला आपल्या मानाच्या यादीत घेतले. गुलाबी फुले, लांब दांडा, काटे अगदी कमी. जमिनीत लावल्यास सहा-आठ फूट उंची सहज गाठते.

आपल्या राज्यात उघड्या रानात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली जात म्हणजे लाल ‘ग्लॅडिएटर’. ती १९५५ ची. नाशिक-पुण्याकडच्या शेतकऱ्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. तीही जोमदार आणि उंच. पुढचा सल्ला या दोन्ही जातींना आणि त्यांच्यासारख्या इतर उंच गुलाबांना लागू आहे.

सतत फुलण्याचा गुण आजच्या गुलाबांत चिनी गुलाबांकडून आला. या जातींच्या जवळजवळ प्रत्येक नव्या फुटीच्या शेंड्याला कळी येते. म्हणजे फूल हवे तर नवी फूट हवी, आणि नव्या फुटीला पोसायला पाने आणि पक्की काठी हवी. छाटणी, खत, पाणी यांचा सगळा हिशेब एवढ्यावरच आहे.

हवा बदलली की रीत बदलते

युरोपात हिवाळ्यात झाड झोपते. हिमाने वरच्या काठ्या मरतात, म्हणून वसंताच्या तोंडावर ते खाली छाटतात आणि कलमाचा सांधा मातीत पुरून ठेवतात. उत्तर भारतात ऑक्टोबरात छाटले, की पुढे लांब थंडी मिळते आणि झाडाला सावरायला वेळ असतो. पुणे-नाशिकच्या पठारावर पाऊस कमी, पावसाळ्यातही मधूनमधून उघडीप मिळते. म्हणून तिथे जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये अशा दोन छाटण्या चालतात.

आपल्याकडे पुण्याच्या तिपटीहून जास्त पाऊस पडतो. गुलाब इथे कधीच झोपत नाही. ऑक्टोबरात पारा ३५ अंशांच्या आसपास असतो आणि खरी थंडी डिसेंबर-जानेवारीत, तीही मोजकी. खाडीकडून बदलापूर-मुरबाडकडे जाल तशी रात्र जास्त गार, त्यामुळे तिकडच्या फुलांना रंग आणि आकार चांगला येतो.

ऑक्टोबरच्या उन्हात झाड खाली छाटून उघडे केले, तर काठीची साल भाजते, कापावरून शेंडामर उतरते आणि झाडाचा जोर पाने बनवण्यातच जातो. तोवर थंडी निम्मी संपते. शिवाय इथे कलमाचा सांधा मातीत पुरायचा नाही. तो जमिनीपासून दोन इंच वर राहिला पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात खोड कुजते.

छाटणी कशी करावी

१. पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत. साधारण कोजागरीच्या सुमारास, ढग नसलेला दिवस पाहून सकाळी काम करावे. परतीचा पाऊस रेंगाळला तर थांबावे. ओल्या कापातून बुरशी आत शिरते.

२. आधी मेलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या मुळापासून काढाव्यात. राखाडी पडलेल्या जुन्या काठ्यांपैकी दरवर्षी एक-दोनच काढाव्यात.

३. कलमाच्या सांध्याखालून निघालेले खुंटाचे फुटवे कापू नयेत. माती बाजूला करून उगमापाशी ओढून तोडावेत. कापले तर तिथूनच आणखी फुटतात.

४. उरलेल्या पाच-सहा चांगल्या काठ्यांचा वरचा एक तृतीयांश भाग घ्यावा. सात फुटी झुडूप साडेचार फुटांवर आले तरी पुरे. उरलेली निरोगी पाने खुडू नयेत.

५. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, किंचित तिरपा घ्यावा. आतले लाकूड पांढरे दिसेपर्यंत खाली यावे. तपकिरी दिसले तर रोग अजून खाली आहे.

६. प्रत्येक कापाला लगेच बोर्डोपेस्ट लावावी : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. चार-दोन कुंड्यांसाठी कॉपर ऑक्सिक्लोराईडची पाण्यात कालवलेली घट्ट पेस्ट चालते. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना कात्री निर्जंतुक करावी.

जागा असेल तर लांब, लवचिक काठ्या न छाटता वाकवून बांबूच्या आडव्या काठीला बांधाव्यात. उभ्या काठीत जोर शेंड्याला जातो. आडवी झाली की तिच्या बऱ्याच डोळ्यांतून फूट निघते आणि प्रत्येक फुटीला फूल येते. कुंपणालगत लावलेल्या ‘क्वीन एलिझाबेथ’साठी ही रीत छाटणीपेक्षा सरस आहे.

छाटणीआधी मुळ्या उघड्या टाकून ताण देण्याची पठारावरची पद्धत इथे वापरू नये. उन्हाने तंतुमुळे भाजतात.

माती, खत, पाणी

भाताच्या चिकण खाचरात गुलाब लावायचा असेल, तर दीड फूट उंच गादीवाफा करावा आणि पाण्याला वाट काढून द्यावी. दोन झाडांत साडेतीन-चार फूट अंतर ठेवावे. दाट लावले तर पाने वाळत नाहीत आणि रोग हटत नाही. नवी लागवडही आताच, दिवाळीच्या आगेमागे करावी. पावसाळ्याच्या तोंडावर नको. खाडीकाठच्या बोअरचे पाणी देण्याआधी त्यातले क्षार तपासून घ्यावेत. पानांच्या कडा करपत असतील तर खत वाढवण्याआधी पाण्याकडे पाहावे.

छाटणीनंतर वाफसा आल्यावर झाडाभोवतीची माती दोन-तीन इंचच हलवावी. जमिनीतल्या झाडाला चार-पाच किलो कुजलेले शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड द्यावी. कुंडीला याच्या पाव हिस्सा पुरतो. पावसाने नत्र वाहून गेलेले असते. तरी रासायनिक खताची घाई नको. डोळे फुगून कोवळी लाल पालवी दिसू लागली, की १५:१५:१५ मिश्रखत झाडाला ३० ग्रॅम, खोडापासून अर्धा फूट दूर, ओल्या मातीत द्यावे. मार्चपर्यंत महिन्यातून एकदा पुरे.

पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. मातीत बोट घालून पाहावे. वरचा इंचभर थर कोरडा असेल तरच द्यावे.

गच्ची आणि गॅलरी

डोंबिवली-ठाण्यातले बरेच गुलाब कुंड्यांत आहेत. उंच जातीला १६ इंचांपेक्षा लहान कुंडी देऊ नये. सिमेंटच्या तापलेल्या लादीवर कुंडी थेट ठेवली तर मुळे शिजतात. खाली विटा किंवा स्टँड द्यावे. रोज निदान पाच-सहा तास ऊन मिळत नसेल, तर उंच गुलाबाचा हट्ट सोडून लहान फ्लोरिबंडा घ्यावा. सावलीत उंच जाती काठीच वाढवतात, फूल देत नाहीत. वरच्या मजल्यावर वाऱ्याने काठ्या हलून मुळे सैल होतात, म्हणून आधार आताच बांधावा.

रोग-किडींचे वेळापत्रक

काळे ठिपके हा आपल्याकडचा पहिला शत्रू. त्याच्या बीजाणूंना रुजायला पान सलग सात तास ओले लागते, आणि आषाढ-श्रावणात ते दिवसच्या दिवस ओले असते. म्हणून गळलेली पाने आता गोळा करून नष्ट करावीत. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रणाची एक फवारणी काठ्यांवर आणि बुंध्यावर घ्यावी.

भुरीचे उलटे आहे. तिला ओले पान चालत नाही. कोरडा दिवस आणि गार, दमट रात्र मिळाली की ती वाढते. डिसेंबर ते फेब्रुवारी कोवळ्या शेंड्यांवर लक्ष ठेवावे. पांढरी पूड दिसताच पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम फवारावे, मात्र पारा ३२ अंशांवर असताना नको.

फेब्रुवारीपासून फुलकिडे फिकट रंगाच्या कळ्यांच्या कडा करपवतात. मार्च-एप्रिलमध्ये पानांखाली लाल कोळी येतो. सुरुवातीला पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा आणि ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. कोळ्यावर साधे कीटकनाशक मारू नये. त्याचे शत्रूच मरतात आणि कोळी वाढतो. मृगाच्या पहिल्या पावसानंतर रात्री पाने कुरतडणारे भुंगेरे हुमणीचे असतात; ते वेचून नष्ट करावेत. कोणतेही औषध लेबलवरच्या प्रमाणातच, हातमोजे आणि मास्क वापरून फवारावे.

फुले कधी हवीत?

आपल्या हवेत छाटणीपासून फुलापर्यंत ४५ ते ५० दिवस लागतात. ऑक्टोबरच्या मध्याला छाटलेल्या झाडांचा पहिला बहर नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना कल्याणच्या फूलबाजारात मागणी असते, ती या बहराला गाठता येते. १४ फेब्रुवारीसाठी फुले हवी असतील तर नाताळच्या सुमारास दुसरी हलकी कापणी घ्यावी. डोंबिवलीतल्या गुलाब प्रदर्शनात फुले ठेवू इच्छिणाऱ्यांनीही प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे दिवस मोजावेत. सगळी झाडे एकाच दिवशी न छाटता आठवड्याच्या अंतराने तीन गटांत छाटली, तर माल एकदम येऊन पडत नाही.

फूल काढताना दांड्यावर पाच पानांच्या दोन पेऱ्या झाडाकडे राहू द्याव्यात. लांब दांड्याच्या हव्यासाने खोलवर कापले, तर पुढचा बहर उशिरा आणि कमी येतो. सुकलेली फुले लगेच काढावीत; फळ धरले की झाड फुलायचे थांबते.

एप्रिलनंतर छाटणी करू नये. मेअखेरीस फक्त मेलेल्या फांद्या काढाव्यात, आच्छादन बाजूला करावे आणि पाण्याची वाट मोकळी करावी. जून ते सप्टेंबर नत्रखत पूर्ण बंद ठेवावे. पावसात आलेली लुसलुशीत फूट काळ्या ठिपक्यांनाच मिळते. या चार महिन्यांत फुले कमी आली तरी चालतील. पाने जितकी टिकतील, तितकी पुढच्या ऑक्टोबरात छाटणी हलकी होईल.