माशाच्या पिल्लालाही पोहायला शिकवावं लागतं



परीक्षा संपल्या, पोरं मोकळी झाली. आता पुढचे दोन महिने त्यांचा निम्मा दिवस पाण्याच्या काठावर जाणार. मग ते हिडकलचं धरण असो, वेदगंगा-दूधगंगेचा बंधारा असो, नाहीतर शेतातली विहीर. म्हणून आज जाळी, मत्स्यबीज आणि बाजारभाव बाजूला ठेवून पोरांच्या पोहण्यावर लिहितोय. जरा लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा. घरात सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचलं तर आणखी बरं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आपल्यातल्याच एकाची होडी हिडकलच्या फुगवट्यात जाळं ओढत होती. सोबत त्यांचा बारा वर्षांचा मुलगा. शाळेसाठी शहरात मामाकडे राहतो, सुट्टीला आलेला. ओढताना होडी कलली आणि पोरगं पाण्यात गेलं. वडील हसले. म्हणाले, "ये रे वर, लई मस्ती नको." पोरगं ओरडलं नाही, हात वर करून हाक मारली नाही. तोंड पाण्याच्या वर यायचं, परत खाली जायचं. होडीतल्या चुलत्याला शंका आली. त्यानं बांबू पुढं सारला, पोराच्या काखेत अडकवला आणि होडीकडं ओढून घेतलं. सगळं मिनिटभरात झालं. पोरगं वाचलं. रात्री वडील आमच्यापाशी बसले आणि एवढंच म्हणाले, "माझ्या पोराला पवायला येत नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं की वो."

हा धडा त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांचा आहे.

पोहणं रक्तात नसतं

माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही, असं आपण म्हणतो. भोई, कोळी, अंबिगेर, कुणाचंही पोर असो, त्याला पाणी आपोआप येतं असं धरून चालतो. पण आपल्याला ते आपोआप आलं नव्हतं. आपल्या वेळी आजोबा पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेले भोपळे बांधायचे, विहिरीत ढकलायचे आणि स्वतः पायरीवर उभे राहायचे. डबा सुटायला पंधरा-वीस दिवस लागायचे. मग नदी, मग मुटके, मग सूर. ते शिकवणंच होतं. फक्त त्याला कुणी क्लास म्हणत नव्हतं, फी नव्हती.

आता काय झालंय? पोरं शाळा, ट्यूशन आणि मोबाइल यात अडकलीत. होडीवर येतात ती सुट्टीत, पाहुण्यासारखी. विहिरी बुजल्या नाहीतर जाळीनं झाकल्या. नदीत वाळू उपशाचे खड्डे झालेत. काल गुडघाभर होतं तिथं आज डोक्यावरून पाणी. म्हणजे शिकायची जुनी जागा गेली, पण "आमच्या पोरांना येतंय" हा विश्वास तसाच राहिला. धोका या मधल्या फटीत आहे.

शिबिर वेगळं, टीम वेगळी

बेळगावात उन्हाळ्यात पोहण्याची शिबिरं लागतात. जे.एन.एम.सी.च्या आवारात के.एल.ई.चा ऑलिंपिक आकाराचा, म्हणजे ५० मीटर लांबीचा तलाव आहे. बेळगाव स्विमर्स क्लब आणि अ‍ॅक्वेरियस स्विम क्लबची पोरं सराव करून स्पर्धांना जातात. निपाणीकडच्या लोकांना कोल्हापूरही जवळ पडतं.

शिबिरात पोरगं बुडायचं नाही एवढं शिकतं. टीममध्ये ते रोज ठरलेल्या वेळी पाण्यात उतरतं, शिट्टीला थांबतं, घड्याळावर पोहतं आणि रिलेत दुसऱ्यासाठी पोहतं. आमचं म्हणणं असं की शिबिरावर थांबू नका. जमलं तर टीममध्ये घाला. पंधरा दिवसांत शिकलेलं वर्षभरात विसरतं. दोन-तीन उन्हाळे टीममध्ये काढले की अंगात मुरतं.

आपल्या पोरांचं कुठं अडतं

ज्यांना नदीत थोडंफार येतं, त्यांनाही प्रशिक्षक पहिल्या दिवशी लहान पोरांच्या रांगेत उभं करतो. पोरांना लाज वाटते आणि आठवड्यात सोडून देतात. म्हणून आधीच समजावून पाठवा. कारणं अशी:

१. आपली पोरं डोकं वर काढून हात मारतात. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली बसतात. मग सगळी ताकद पाय वर ठेवण्यात जाते आणि पन्नास मीटरमध्ये दम लागतो.

२. श्वास धरून पोहतात. बरोबर पद्धत अशी की तोंड पाण्यात असताना नाकातोंडानं हवा सोडायची आणि मान बाजूला वळवून भरून घ्यायची. हे जमलं की अंतर कितीही वाढवता येतं.

३. पाय सायकलसारखे मारतात. पाय कमरेपासून हलायला हवेत, गुडघ्यापासून नव्हे.

४. उताणं तरंगता येत नाही. जीव वाचवायला हेच सगळ्यात कामाला येतं. दमलं की पाठीवर पडायचं, कान पाण्यात, पोट वर, आणि शांत श्वास घ्यायचा.

आपल्या पोरांची जमेची बाजूही आहे. पाण्याची भीती नसते, आणि वल्ही मारून खांदे तयार असतात. चांगल्या प्रशिक्षकाला हे पोर आवडतं.

स्पर्धा बघायला गेलात तर

प्रकार चार. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक म्हणजे उताणं, ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे बेडकासारखं, आणि बटरफ्लाय. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये वळताना आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. एकच लागला तर पोरगं बाद. फ्रीस्टाइलला ती अट नाही. रिलेत चौघं. पुढच्यानं भिंतीला हात लावायच्या आत मागच्याचे पाय ठोकळ्यावरून सुटले तर सगळी टीम बाद. म्हणून आपलं पोर पहिलं येऊनही बाद ठरलं तर पंचांशी भांडू नका. आधी विचारा काय चुकलं.

इथून कुठवर जाता येतं, याचं उदाहरण शेजारीच आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा १६ वर्षांचा होता. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक घेतलं. त्याआधी भारताला पोहण्यात आशियाई पदक मिळालं होतं ते १९८६ साली, खजान सिंग यांना. मधे २४ वर्षं गेली. वीरधवलही घर सोडून बंगळूरला निहार अमीन यांच्याकडे शिकायला गेला होता. सगळ्यांनी ऑलिंपिकला जावं असं नाही. पण कोल्हापूरच्या पोरालाही शिकावंच लागलं, हे लक्षात ठेवा.

दुसरीकडे काय करतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यात लहान मुलं फार. शाळकरी वयातच पोहणं, पाण्यातली सुरक्षितता आणि दुसऱ्याला सुखरूप वाचवणं शिकवा, असा या संघटनेचा सल्ला आहे. बांगलादेशात गावातल्या तळ्यातच बांबूचा मांडव उभा करून त्यात पोरांना शिकवतात. तलावाच्या फरशीवाचून काही अडत नाही. नेदरलँड्स हा कालव्यांचा देश. तिथं पोहण्याच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी पोरांना कपडे घालून पोहून दाखवावं लागतं, कारण माणूस कालव्यात पडतो तो कपड्यांनिशी. आपलं पोर होडीतून पडेल तेही शर्ट-पँटवरच. प्रशिक्षकाला विनंती करा, शेवटच्या आठवड्यात एकदा कपडे घालून तरंगायला लावा.

तलाव म्हणजे नदी नव्हे

हे स्पष्ट सांगायला हवं. तलावात तळ दिसतो, ओढ नसते, काठ दहा हातांवर असतो. टीममध्ये पहिलं येणारं पोरही नदीत बुडू शकतं. पदक आणलं म्हणून त्याला बंधाऱ्यावर मोकळं सोडू नका.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, बरग्यांतून पाणी कोसळतं तिथं, माणूस आत खेचला जातो आणि फिरत राहतो. तिथं पट्टीच्या पोहणाऱ्याचंही चालत नाही. पावसाळ्यात वर पाटगावातनं वेदगंगेत आणि काळम्मावाडीतनं दूधगंगेत पाणी सोडलं की आपल्याकडे ऊन पडलेलं असलं तरी पातळी चढते. जाळ्यात पाय अडकला तर झटके द्यायचे नाहीत. झटक्यानं जाळं आवळतं. उताणं व्हायचं, पाय सैल सोडायचा आणि हातानं सोडवायचा.

आणि लाइफ जॅकेट. २०१९ च्या महापुरात यमगर्णीजवळ महामार्गावर वेदगंगेचं पाणी आलं होतं, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. त्याच पुरात ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-पोरांसह कितीतरी जण गेले. पुरात लोक आपल्या होड्यांकडे धावतात. म्हणून होडीमालकांनी माणशी एक जॅकेट ठेवावं आणि पोरांच्या मापाचं वेगळं घ्यावं. मोठ्यांचं जॅकेट पोराच्या डोक्यावरून निसटतं.

बुडणाऱ्याला कसं ओळखायचं, काय करायचं

बुडणारा सहसा ओरडत नाही, कारण तोंडात पाणी असतं. तो उभा असतो, पुढं सरकत नाही, डोकं मागं पडलेलं असतं आणि हात पाण्यावर दाबत असतो. लांबून बघणाऱ्याला खेळतोय असं वाटतं. गेल्या वर्षी वडिलांना तसंच वाटलं होतं.

पोरांना एक नियम पाठ करवा: उडी नाही, आधी हाक. मग बांबू, दोर, साडी, ट्यूब, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते पुढं करायचं किंवा फेकायचं. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी सख्खी भावंडं जातात ती याच चुकीनं.

बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक धरून तोंडानं श्वास द्या. मग छातीच्या मधोमध जोरानं, भरभर ३० दाब आणि २ श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच. हे वाचून येत नाही, करून बघावं लागतं. शिबिरात शिकवत असतील तर आई-बापांनीही सोबत उभं राहावं.

आधी घरी एवढं तपासा

या रविवारी पोराला कमरेएवढ्या शांत पाण्यात न्या. तुम्ही हाताच्या अंतरावर उभे राहा.

– तोंड पाण्यात घालून फुगे सोडतो का?
– उताणा एक मिनिट तरंगतो का?
– न थांबता २५ मीटर जातो का?
– पाण्यात गोल फिरून परत तुमच्याकडे येतो का?
– आधाराशिवाय होडीच्या काठाला धरून वर येतो का?

एकही 'नाही' आलं तर पोराला पवायला येत नाही असं धरा आणि नाव घाला. येत नाही हे कळणं लाजेचं नाही.

मुलींचं आणि पैशाचं

मुलींना मागं ठेवू नका. बाजार होईपर्यंत काठावर धाकट्याला सांभाळत बसते ती मुलगीच. धाकटा पाण्यात गेला तर पहिली धावणारी तीच, आणि तिलाच आपण शिकवलेलं नसतं. मुलींची वेळ, महिला प्रशिक्षक, कपडे बदलायची खोली, हे आधी विचारून घ्या. बहुतेक आयांची अडचण तिथंच सुटते.

खर्च म्हणजे फी, पोहण्याचे कपडे, टोपी, गॉगल आणि जायचं-यायचं भाडं. पाच-सहा घरांनी मिळून एक गाडी केली आणि एका मोठ्या माणसानं पाळी धरली तर झेपतं. पोराला फिट येत असेल, कान वाहत असेल किंवा जखम असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. ज्यांना तलाव लांब पडतो त्यांनी पायऱ्यांची विहीर, कमरेला दोर, एका वेळी दोनच पोरं आणि पाण्यात एक जाणता, अशी जुनी पद्धत परत सुरू करावी. क्रम तोच: फुगे, तरंगणं, पाय, हात, श्वास. निपाणीचा जवाहर तलाव किंवा बेळगावचा राकसकोप, ही पिण्याच्या पाण्याची ठिकाणं. तिथं पोरांना उतरवू नका.

शेवटी त्या पोराचं सांगतो. सुट्टी संपायच्या आत वडिलांनी त्याचं नाव शिबिरात घातलं. पहिल्या दिवशी सात वर्षांच्या पोरांसोबत उभं केलं म्हणून रडत घरी आला. काठावर काहीजण हसलेही, "मासे धरणाऱ्याच्या पोराला पवायचा क्लास?" वडील काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी परत सोडून आले. यंदा तो टीममध्ये आहे. पदक नाही अजून. पण परवा होडीवर आला तेव्हा सांगायच्या आधी जॅकेट घातलं, आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, तुमचं कुठाय?"

आपापल्या घरी तपासा आणि काय आढळलं ते खाली लिहा. ज्यांना मिळून गाडी करायचीय त्यांनी गावाचं नाव लिहावं, जवळच्या घरांची गाठ आम्ही घालून देतो.