कांद्याचा जनुकसंच व दूरचें भांडार

चाकणच्या बाजारांत कांदा विकणाऱ्या आमच्या वाचकांस राजगुरुनगरची कांदा व लसूण संशोधन संस्था परिचित आहेच. भीमा शक्ति, भीमा सुपर हे वाण तेथीलच. कांद्याच्या जनुकसंचांत सुमारें १६ अब्ज अक्षरें आहेत, म्हणजे मनुष्याच्या पांचपट. अशी माहिती सर्वांच्या उपयोगार्थ ठेवण्यासाठीं २०२२ सालीं फरिदाबादेस भारतीय जैविक माहिती केंद्र सुरू झालें.

दूर पाठविलेल्या माहितींत दोष आढळल्यास तो कसा शोधावा, याचा क्रम आम्ही सांगतों. प्रथम ताळा पहावा. पाठविण्यापूर्वीं व पोंचल्यावर संगणक प्रत्येक फाइलीचा पडताळा-अंक काढतो. ते न जुळल्यास वाटेंत बिघाड झाला असें समजून फाइल पुन्हां पाठवावी. तोंपर्यंत मूळ प्रत पुसूं नये.

अंक जुळले, तरी वाण, वाफा व तारीख तपासावी. पोत्याचें वजन बरोबर असूनहि चिठ्ठी चुकीची असूं शकते. ती चूक ताळ्यास दिसत नाहीं. कांद्यास एका हंगामांत गड्डा व पुढच्या हंगामांत बीं येतें. चुकीच्या चिठ्ठीवरून निवडलेल्या गड्ड्यामुळें दोन्ही हंगाम फुकट जातात. म्हणून नमुना देतांना नोंद शेतावरच लिहावी व तिची प्रत आपणापाशीं ठेवावी.